तुळसाबाई एककाच्या घरी

बेसा गावच्या शाळेत दुसरीला शिकवणाऱ्या मेघा मॅडमनी तीन दिवस हातच्याची वजाबाकी शिकवली आणि शनिवारी सकाळी फळ्यावर बत्तीस वजा पंधरा लिहून दिलं. एकतीस मुलं हजर होती. एकजात सगळ्यांचं उत्तर आलं तेवीस.

"दोनातून पाच जातच नाही ना मॅडम," वेदिकानं समजावून सांगितलं. "म्हणून मी पाचातून दोन काढले."

मेघानं खडू ठेवला. बाकं भिंतीला सरकवली, खेळाच्या पेटीतून तीन दोऱ्या काढल्या आणि दहा-दहा मुलांभोवती सैल बांधून तीन दशकं तयार केली. खिडकीपाशी एककाचं घर. तिथं एकटी वेदिका उरली. बत्तिसाला एक जण कमी पडत होता. व्हरांड्यात शाळेची खिचडी शिजवणाऱ्या तुळसाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"बाई, या. तुम्ही एकक व्हा."

"मी काहून?" असं म्हणत त्या सुपासकट आत आल्या.

"आता पंधरा जण बाहेर पाठवायचे," मेघा म्हणाली. "आधी एककातले पाच."

वेदिकानं तुळसाबाईंकडे पाहिलं. "आम्ही तर दोघीच हाओत."

"मग पाचातून दोन काढ."

"पण पाच आहेतच कुठं?" बोलता बोलता तिचं तिलाच हसू आलं. ती शेजारच्या दशकाकडे गेली. "तीन जण द्या ना."

"आम्ही बांधून आहोत," आतून उत्तर आलं. "आलो तर सगळेच येऊ."

आणि सगळेच आले, एकमेकांच्या पायात पाय अडकवत. तुळसाबाईंनी गाठ ओढली तशी दहाही मुलं त्यांच्या अंगावर सांडली. तांदूळ वर्गभर उडाले. त्या मटकन खाली बसल्या, आणि हसून हसून त्यांना उठताच येईना. मेघालाही हसू आवरेना. तिनं दोनदा मोजणी पहिल्यापासून सुरू केली. एककात बारा भरले. त्यातले पाच व्हरांड्यात पळाले. एक अख्खं दशक दोरीसकट टुणटुण उड्या मारत त्यांच्यामागे गेलं. आत उरलं एक दशक आणि सात सुटे.

"सतरा," वेदिका म्हणाली, आणि खात्री करायला सगळ्यांच्या डोक्यांना हात लावून आली.

तुळसाबाई डोळे पुसत होत्या. "चौथीपर्यंत शिकली मी मॅडम. हातचा घ्या म्हणे, घेत जाओ. पण तो कोणाच्या घरून येते, हे मले कोणी दाखवलंच नाही." मग पदर खोचून उभ्या राहिल्या. "आता मले दशकात बांधा."

त्यांना बांधून आणखी तीन गणितं झाली. मग मुलं धापा टाकत वह्या घेऊन गणितं सोडवायला बसली. सत्तावीस जणांचं बरोबर आलं. चौघांचं अजून चुकत होतं. त्यांना सोमवारी पुन्हा दोरीत घ्यायचं ठरलं, तेव्हा बाकीचे सत्तावीस रुसले.