हिरवा धागा, लाल धागा

नकाशा भिंतीवर मावेना, म्हणून दोन टेबलं जोडून त्यांवर पसरला होता. वस्तीच्या नव्या आराखड्यात कुठली वाट ठेवायची आणि कुठली बुजवायची, हे लोकांना विचारून ठरणार होतं. आपण जिथून रोज चालतो तिथे टाचण्या टोचून धागा ताणायचा. बोळाच्या अलीकडच्यांना हिरवा, पलीकडच्यांना लाल.

शिवणकाम करणाऱ्या काकूंनी हिरवा धागा दातानं तोडला आणि आपल्या मागच्या दारापासून बोळातून थेट पलीकडच्या घरापर्यंत लावला. टाचणी उपटली तरी सुटणार नाही अशी गाठ मारली.

त्या घरात त्यांची धाकटी जाऊ राहायची. दोघींचे नवरे गेले, पोरं लांब गेली, आणि कुठल्याशा फुटकळ बोलण्यावरून धरलेला अबोला तेवढा जागेवर राहिला. बोळ बुजवून तिथे गाड्या लावायला जागा केली, की तिच्याकडे जायला मोठ्या रस्त्यानं वळसा. आणि वळसा घालून जाणं म्हणजे मुद्दाम गेल्यासारखं. बोळातून कसं, सहज डोकावता येतं. काकू डोकावल्या मात्र कधीच नव्हत्या. मागच्या दाराला त्यांनी स्वतःच कापडाचे गठ्ठे रचून ठेवले होते.

"रोज जाता ना इथून?" नकाशा सांभाळणाऱ्या मुलीनं विचारलं.

"जाते की."

मुलगी टाचणी सरळ करत होती. काकूंना राहवेना. "नाही गं, जात नाही. जायचं आहे."

"जायचं आहे, याला आमच्याकडे रंग नाही हो काकू," मुलगी हसत म्हणाली, आणि मग थबकली. "पण मग बोळातलं शेवाळ कुणी झिजवलं? आम्ही काल चालून बघितलं. पलीकडून थेट तुमच्या पायरीपर्यंत झिजलंय."

ती नकाशावर वाकली. हिरव्या धाग्याखाली एक लाल धागा दबला होता. टोकाला ढिली, वेडीवाकडी गाठ. ती गाठ काकूंनी ओळखली. लग्न होऊन आली तेव्हापासून धाकटीला बटण धड लावता येत नव्हतं.

"सकाळी एक बाई लावून गेल्या. म्हणाल्या, जाते आणि दारातून परत येते." मुलीनं आवाज खाली आणला. "दोन्हीकडून धागा असला तर बोळ राहतो, काकू. पण खरा हवा."

"हिरवा काढू नकोस," काकू म्हणाल्या. "खरा करून येते."

घरी येऊन त्यांनी एकेक गठ्ठा ओढून बाजूला केला. कापड आवाज पिऊन टाकतं, हे शिलाईच्या मशीनखाली घडी घालून घालून त्यांना ठाऊक होतं. दारावर कुणी थाप मारली असेल का, हे आता कळायला मार्ग नव्हता. गंजलेली कडी तेल घातल्यावर सरकली.

बोळात कुणीच नव्हतं. मधोमध शेवाळाला एका माणसाच्या रुंदीची करडी पट्टी पडली होती आणि ती पायरीशी येऊन थांबली होती. पलीकडचं दार बंद होतं.

काकूंनी चपला हातात घेतल्या आणि पट्टीवर पाय ठेवला.