नारिनच्या भिंतीवरचा समुद्र

मित्रांनो, मी एक समुद्र आहे. जुना आहे, कागदाचा आहे, आणि एका घराच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला चिकटून उभा आहे. माझ्यात निळे पाणी आहे, तीन काळे खडक आहेत, पिवळी वाळू आहे आणि एक माड आहे. त्या माडाची कंबर मोडलेली आहे. ती का मोडली, ते सांगतो.

माझा जन्म जर्मनीतल्या एका छापखान्यात झाला. माझे आठ लांब तुकडे होते. ते एकमेकांना जोडून लावले की एक भिंतभर समुद्र तयार होई. मालगाडीने, मग ट्रकने हिंदकळत मी किर्गिझस्तानातल्या नारिन गावी आलो. डोंगरातले गाव. समुद्र तिथून इतका लांब, की थंडीत गोठलेल्या नदीखेरीज लोकांनी फारसे पाणी पाहिलेले नसे. त्या दिवशी दुकानापुढे मोठी रांग होती. पाच तास रांगेत उभे राहून मला ज्याने घेतले, त्याचे नाव ओमुरबेक. घाटातल्या रस्त्यावरचा बर्फ काढणारे यंत्र तो चालवत असे. लग्नाला दोनच वर्षे झाली होती. त्याची बायको सायरा टेलिफोनच्या कचेरीत होती. गावातल्या लोकांचे फोन ती दूरदूरच्या शहरांना जोडून देई.

ओमुरबेकने कणकेची खळ शिजवली आणि मला एकट्याने चिकटवायला घेतले. तिसरा तुकडा दोन बोटे खाली गेला. त्यामुळे माडाची कंबर मोडली आणि लाटेला पायरी पडली. सातव्या तुकड्याला भिंत संपली. आठवा उरला. सायराने तो गाद्या ठेवायच्या पेटीत तळाला अंथरला आणि वर्षा-दोन वर्षांत उंदरांनी तो संपवला.

शेजारची झिपारा काकू मला पाहायला आली. बराच वेळ पाहून म्हणाली, "ओमुरबेक, तुझ्या समुद्राला पायरी आहे रे. उतरायला बरी."

मित्रांनो, तेव्हा माझा थाट काय वर्णावा. गल्लीत कुणाचा फोटो काढायचा असला की लोक आमच्याकडे येत. लोकरीचे कोट, कानटोप्या, गुडघ्यापर्यंत बूट अशा वेषात ते माझ्या वाळूवर उभे राहत. या घरातली मुले, मिर्लान आणि आयचुरेक, माझ्याच पुढे रांगायला शिकली. मग ती मोठी झाली, बिश्केकला गेली. मिर्लानने गाड्यांच्या टायरचे दुकान काढले, आयचुरेक शाळेत शिकवू लागली. माझ्यापुढे टीव्ही आला, टीव्हीमागे माझे दोन खडक लपले. कोणी फोटोला येईनासे झाले. फक्त सायरा दर शुक्रवारी माझ्यावरची धूळ झटकत असे. तिने एकही शुक्रवार चुकवला नाही, म्हणून मला वाटे, हिचा माझ्यावर फार जीव आहे.

मग गेल्या वर्षीचा शरद आला. ओमुरबेक आणि सायराच्या लग्नाला चाळीस वर्षे होणार होती. दोघे कधी देशाबाहेर गेले नव्हते. बिश्केकहून घरी आलेल्या मुलांनी ठरवले, त्यांना परदेशी फिरायला पाठवायचे. आणि मित्रांनो, तेव्हापासून या घरात जी गडबड उडाली, तशी मी आजवर पाहिली नव्हती.

मिर्लान फोनवर हॉटेले दाखवत सुटला. "बाबा, हे तुर्कस्तान बघा. खाणं-पिणं सगळं त्यातच. खाटेवरून उठायचं कामच नाही."

"उठायचंच नसेल तर घरी काय वाईट आहे?" ओमुरबेक म्हणाला.

"मग दुबई?"

"चालेल की."

"चालेल म्हणजे कुठलं?"

"कुठलंही. तुझ्या आईला विचार."

आई पोळपाटावर नूडल्सचे पीठ लाटत होती. ती म्हणाली, "कुठंही चालेल रे बाळा. तुम्ही म्हणाल तिथं."

मिर्लानने कपाळाला हात लावला. प्रवास कंपनीला शुक्रवारपर्यंत गावाचे नाव आणि दोघांचे पासपोर्ट हवे होते. आयचुरेक मात्र माझ्याकडे पाहत होती. एकाएकी ती उठली आणि तिने टीव्ही बाजूला सरकवला.

"दादा, तू उगाच जगभर शोधतोयस. यांना कुठं जायचंय ते समोर लिहिलंय. अडतीस वर्षं यांनी हाच समुद्र बघितलाय. इथंच पाठवायचं."

"वेडी आहेस का? हे चित्र आहे. चित्राला कुठं पत्ता असतो?"

"फोटो आहे ना? मग कुणीतरी कुठंतरी उभं राहून काढला असणार."

तिने माझा फोटो काढला आणि ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना पाठवला. तीन दिवस उत्तरे येत राहिली. कोणी क्यूबा म्हणाले, कोणी थायलंड. ती प्रत्येक ठिकाणचे किनारे फोनवर मोठे करून माझ्या खडकांशी ताडून पाही आणि मान हलवी. मला तर धड उभे राहवेना. आपण कुठले, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, आणि आता दुसरे काही सुचत नव्हते. चौथ्या दिवशी श्रीलंकेतून एका बोटवाल्याचा निरोप आला. सोबत फोटो होता. तीन काळे खडक, मधला जरा कललेला. त्याने लिहिले होते, "हे आमच्या गावचे खडक आहेत. मी रोज यांना वळसा घालून जातो."

मित्रांनो, मला गाव होते.

रात्रीच्या जेवणाला आयचुरेकने ही बातमी दिली. मिर्लानसुद्धा आता हरखला होता. दोघेही आईकडे पाहू लागले.

सायरा म्हणाली, "छान. अगदी छान झालं."

आयचुरेकचा चेहरा उतरला. "आई, टेलिफोनवालीच्या आवाजात बोलू नकोस. खरं सांग."

सायराने हातातला वाडगा खाली ठेवला. "खरं सांगू? मला हा समुद्र कधी आवडलाच नाही. मला बर्चच्या झाडांचं जंगल हवं होतं. झिपाराच्या बहिणीकडे होतं तसलं. पण तुझा बाप पाच तास रांगेत उभा राहून हा घेऊन आला. नाक लाल, कान लाल, आणि तोंडभर हसू. तेव्हा काय सांगणार?"



"अडतीस वर्षं?" ओमुरबेकने विचारले.

"अडतीस."

त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि तो अंगणात निघून गेला. मिर्लान मागे जायला उठला, तर आईने त्याला हाताने बसवले. माझी अवस्था काय सांगू? शुक्रवारची ती झटकणी प्रेमाची नव्हती, नुसती टापटीप होती. माझी जुनी खळ सुटते की काय असे मला झाले. पण त्याहून मला ओमुरबेकची काळजी वाटली. बर्फाशी झगडताना कधी न खचलेला माणूस, आज वाकून बाहेर गेला होता.

पाव तासाने तो चुलीसाठी लाकडांचा भारा घेऊन आत आला. भारा ठेवला, बसला आणि खाली बघत म्हणाला, "दुकानात जंगलपण होतं."

"काय?"

"शेवटचं एक होतं. माझ्या हातात होतं. मी ते परत ठेवलं. बायबिचे, तुझे पाय कायम गार असायचे. थंडीत तू रात्रभर मोजे घालून निजायचीस. मला वाटलं, डोळ्यापुढं ऊन असलं तर तुला जरा ऊब वाटेल."

तो तिला लाडाने बायबिचे, म्हणजे घरची मोठी बाई, म्हणत असे. सायरा त्याच्याकडे पाहतच राहिली. "मला विचारायचं होतंत."

"तू सांगायचं होतंस."

आधी तिला हसू फुटले, मग त्याला. हसता हसता तिने डोळे पुसले. मिर्लान आणि आयचुरेक एकमेकांकडे बघू लागली.

"मग काय, जंगल शोधू?" मिर्लानने हळूच विचारले. "अजून दोन दिवस आहेत."

सायरा उठून माझ्याजवळ आली. उजव्या कोपऱ्यापाशी, जिथे भिंत वळते, तिथे तिने बोट ठेवले. "नको. आवडला नाही तरी याची लाट न् लाट मला पाठ आहे. पण इथून पुढं काय आहे, ते मला अजून माहीत नाही. तो आठवा तुकडा लावलाच नाही ना. मला तेवढा बघायचाय."

"आणि तुम्हाला, बाबा?"

"मला खात्री करायचीय, की तिथं पायरी नाही."

जानेवारीत ते दोघे गेले. आमच्याकडे तेव्हा अंगणातला नळ गोठला होता. आयचुरेक शाळेतून सुट्टी काढून मेंढ्या आणि चूल सांभाळायला इथे आली होती. दुपारी तिचा फोन वाजला. तिने तो माझ्यासमोर धरला आणि मी माझा किनारा पाहिला. तोच पिवळा, तेच तीन खडक. माड नव्हता. कधीचा पडला होता म्हणे. पाण्यात पोटऱ्यांपर्यंत ओमुरबेक उभा होता, विजार गुंडाळलेली, डोक्यावर आपली उंच पांढरी लोकरी टोपी. आजूबाजूला पोरांचा घोळका. मग ती टोपी एकेक करून सगळ्यांच्या डोक्यावर फिरू लागली.

"आयचुरेक," तो ओरडला, "कोमट आहे गं. शोरब्यासारखं."

पण सायराला थांबायला वेळ नव्हता. तिने फोन उजवीकडे वळवला आणि ती चालू लागली. "बघ, बघ. इकडं मासे वाळत घातलेत. वास विचारू नकोस. या बघ बायका, सकाळपासून भांडतायत आणि मध्येच हसतायत. ही शाळा. हा बसथांबा. अगं, इथं आख्खं गाव आहे. एवढी वर्षं ही माणसं आमच्या भिंतीपलीकडं राहत होती आणि आम्हाला पत्ता नाही."

एका मासेवालीशी तर तिची मैत्री झाली. सायराने तिला आपल्याकडचे वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे दिले, तिने सायराला सुका मासा दिला. दोघींनी एकदमच तोंडे वाकडी केली. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, तरी दोघी अर्धा तास बोलत होत्या.

ते परत आले, तेव्हा झिपारा काकू पहिल्या दिवशीच हजर झाली. सायरा तिला सगळे सांगू लागली. सांगताना ती माझ्याकडे फारशी पाहत नव्हती. शेजारच्या कोऱ्या भिंतीवर बोट ठेवत होती: इथे मासे, इथे शाळा, इथे बस. मला वाईट वाटले नाही. खरे सांगतो, मलाही ते सगळे नवेच होते.

आता संध्याकाळी ओमुरबेक चहा ओतताना बायकोला विचारतो, "पुढच्या वर्षी तुला कुठं जायचंय?" ती लगेच सांगते. कधी ट्राम असलेलं शहर, कधी मोठ्या ज्वालामुखीचा देश. तो म्हणतो, मला नाही जायचं तिथं. मग वाद होतो. फार बरे वाटते ऐकायला.

मित्रांनो, तुमचेही आईबाबा कधीतरी म्हणतील, कुठेही चालेल. तेव्हा लगेच उठू नका. आणखी एक पेला चहा ओता आणि पुन्हा विचारा. आणि एक माझ्यासाठी. तुमच्या घरात माझ्यासारखा जुना कागद भिंतीला धरून असेल, तर त्याला ओल्या फडक्याने पुसू नका. कोरड्या कापडाने, हलक्या हाताने पुसा. समुद्र असलो, तरी पाण्याचे आणि आमचे जमत नाही.