पाठीला पाठ लावलेली कबुतरं

मूर्ती करायचा मला कधी कंटाळा आला न्हाय. पण ह्या कबुतरानं पार दमवलं बघा.

मागल्या साली तालमी-तालमींच्या फुटबॉलच्या फायनलला आमची वरच्या गल्लीची तालीम आणि खालच्या गल्लीची तालीम एकमेकांवर धावून गेली. दगडं पडली, त्यात केरबाच्या भावाचं डोकं फुटलं. केरबा म्हणजे माझा दाजी, खालच्या तालमीचा. त्यानं शपथच घातली, बायडाबाईनं माहेरच्या गल्लीत पाय ठेवायचा न्हाय. बायडाबाई माझी थोरली बहीण. घर किती लांब? चौक ओलांडला की आलं. आईला चालवत न्हाय. रोज इचारते, बायडी आली का. फोन लावून दिला तर म्हणते, फोनातल्या लेकीच्या डोक्यावरनं हात कसा फिरवू?

मग शांतता कमिटीनं चौकात शांततेचं शिल्प बसवायचं ठरवलं. कबुतर. काम माझ्याकडं आलं. केरबानं निरोप धाडला, अनावरणाला दोन्ही तालमी गळाभेट घेणार, ती झाली की बायडाबाई मोकळी. मी म्हटलं, देव पावला.

कसला पावतोय! शाडूचं कबुतर केलं, तर खालचे म्हणाले, चोच वरच्या गल्लीकडं, मग आमच्याकडं काय ढुंगण? फिरवलं, तर आमचेच पैलवान दारात. चोच आभाळाकडं केली, तर दोन्हीकडचे म्हणाले, हे उडून चाललंय, शांतता टिकंल कशी? जन्मात तेवढंच एका सुरात बोलले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! शेवटी दोन कबुतरं ठरली. ज्याच्या त्याच्या गल्लीकडं तोंड, पाठीला पाठ. मी म्हटलं, ही भांडून बसल्यागत दिसत्यात की. कोण ऐकतंय? वर आपापल्या तालमीच्या पायरीवरनं आपलं कबुतर ठसठशीत दिसलं पायजे, म्हणून चबुतरा उंच केला, रुंद केला. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. आईसाठी मान डोलवत गेलो.

अनावरणाला पोलिसांनी मधोमध बॅरिकेड लावलं. आईला खुर्चीत बसवून चौकात आणली. नवं लुगडं नेसून सकाळधरनं तयार बसली हुती.

पडदा ओढला, टाळ्या झाल्या. गळाभेटीची वेळ आली आणि गाडी अडली, पहिलं पाऊल कुणी टाकायचं? आमचे म्हणाले त्यांनी यावं, ते म्हणाले ह्यांनी यावं. पडदा ओढायला आलेले साहेब वाट बघून बघून कंटाळले आणि गाडीत बसून गेले. मी चबुतऱ्याच्या कडेला जाऊन बॅरिकेडवरनं डोकावून बघितलं, तर बायडी पलीकडं उभी, पदर तोंडाला लावून. केरबा शेजारी, मान खाली. मी माघारी येऊन आईची खुर्ची उचलायला गेलो, तर आमच्याच तालमीची पोरं आडवी आली. आपली म्हातारी आधी का जावी, म्हणाली. माझ्या अंगात भांडायचंसुदिक त्राण उरलं न्हवतं. मी खुर्ची खाली ठेवली आणि आईला सांगितलं, बायडी आलीया, शिल्पाच्या पलीकडं हाय.

आईनं मान ह्या अंगाला वाकवली, त्या अंगाला वाकवली. मग माझा हात धरून म्हणाली, "कृष्णात, एवढं रुंद कशाला केलंस रं? पोर दिसंना की."