मैत्रीवहीतलं गिळलेलं पान

वेशीसमोरच्या रांगेत लाम्बर्टच्या पुढे आता फक्त एक अंडीवाली म्हातारी उरली होती. इटलीतल्या पाद्वाला वैद्यकी शिकून तो हॉलंडला घरी निघाला होता, आणि वाटेतलं हे ऱ्हाइनकाठचं गाव कॅथलिक सम्राटाच्या फौजेने धरून ठेवलं होतं.

"काखेतली ती वही टाक कुठंतरी, बाबा," म्हातारी मागे न बघता म्हणाली. "काल एकाकडं बंडखोराचं पत्र सापडलं. वर बघ, अजून लटकतोय."

लाम्बर्टने वर बघितलं नाही. ती त्याची मैत्रीवही होती. परदेशी शिकणारा प्रत्येकजण अशी वही बाळगायचा. मित्राने चार ओळी लिहायच्या, खाली सही करायची. लाम्बर्टच्या वहीत कॅथलिक जेझुइट, प्रोटेस्टंट लुथरपंथी, ज्यू वैद्य असे सगळे मांडीला मांडी लावून बसले होते. पाद्वाच्या खाणावळीत याचा त्याने कोण तोरा मिरवला होता.

व्होयतेखचं पान मात्र जीव घेणारं होतं. सम्राटावर उठलेल्या बोहेमियाचा तो, घरादाराला मुकलेला. लाम्बर्टला ताप आला तेव्हा अकरा दिवस तोच उशाशी बसून होता. त्याने लिहिलं होतं, 'जिथे माणूस, तिथे माझं गाव.'

लाम्बर्टने झग्याआड ते पान फाडलं, तोंडात कोंबलं आणि चावून गिळून टाकलं. पुढे म्हातारीची टोपली तपासून झाली.

चौकीवरचा कप्तान इटालियन होता. वही उघडताच तो खुलला.

"पाद्वा? मीही तिथलाच की. तीन वर्षं कायदा शिकलो, मग ही तलवार गळ्यात पडली." पानं उलटता उलटता त्याचं बोट थांबलं. "इथलं पान कुठं गेलं?"

"भिजलं होतं. काढून टाकलं."

"ओठ पुसा, डॉक्टर. शाई लागलीय."

दोन शिपाई जवळ सरकले. कप्तानाने डगल्याच्या आतून स्वतःची वही काढली आणि एक पान त्याच्यासमोर धरलं. तेच तिरपं अक्षर, तीच ओळ, खाली व्होयतेखची सही.

"सात वर्षं हे छातीशी घेऊन फिरतोय, याच फौजेत," तो लॅटिनमध्ये, शिपायांना कळणार नाही असं म्हणाला. "तुमचंही याचंच होतं ना?"

हो म्हटलं तर फास. की हा खरंच मित्र होता? लाम्बर्टला धीर झाला नाही.

"मी या माणसाला ओळखत नाही."

पाद्वाचे दोघे कुठेही भेटले की एकमेकांच्या वहीत सही करायचे, ही जुनी रीत. टेबलावर दौत उघडी होती. कप्तानाने तिचं झाकण लावलं आणि वही परत केली.

"सोडा याला," तो शिपायांना म्हणाला. "याच्याजवळ काही नाही."