ओल्या पावलांचे स्नायू

थोरली गेली हे तिच्या नवऱ्याला कळलं, तेव्हा भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये तिच्यासाठीच्या टाळ्या चालूच होत्या.

रविवारची सकाळ होती. हॉल खच्चून भरला होता. खुर्च्या संपल्या म्हणून लोक भिंतीला टेकून उभे होते, काही खिडक्यांत बसले होते. स्टेजवर पोलाददादा. अंगाला चिकटलेला काळा बनियन, दंडाला चोपडलेलं तेल, गालाशी माइकची काडी. मूळचा हा एका बंद पडलेल्या व्यायामशाळेचा मॅनेजर. वजनं उचलून जे जमलं नाही, ते त्याने आता जीभ उचलून जमवलं होतं.

"जग काय सांगतं? आधी चरबी घालवा, मग स्नायू कमवा! आधी वाळा, मग फुगा! अरे, एवढं आयुष्य आहे कुणाकडे? मी काय सांगतो?"

"घालवू नका, वळवा!" हॉल ओरडला.

"चरबी म्हणजे काय? झोपलेला स्नायू! तिला हाक मारा, ती उठते. आणि उठली की?"

"पोलाद!"

तिसऱ्या रांगेत थोरलीचा नवरा, लाँड्रीवाला, तिची पर्स मांडीवर घेऊन बसला होता. त्याला हे ओरडणं जमत नव्हतं. शेजारचा बँकेतला कॅशियर मात्र प्रत्येक वेळी खुर्चीवरून अर्धा उठून "पोलाद!" म्हणत होता, आणि खुर्ची दर वेळी कुरकुरत होती.

थोरलीला स्टेजवर बोलावलं. गल्लीत सगळे तिला थोरलीच म्हणत, कारण तिची धाकटी बहीणही त्याच गल्लीत दिली होती. एका मदतनीस बाईने स्टीलच्या घमेल्यात तिचे पाय धुतले. पाणी निळसर होतं. त्याला 'ऊर्जाजल' म्हणायचं. तसल्याच पाण्याचे दोन मोठे ग्लास तिला प्यायला दिले आणि तशाच ओल्या पावलांनी तिला मशीनवर उभं केलं. पावलांखाली चकचकीत धातूच्या पट्ट्या होत्या. मागच्या पडद्यावर दोन बाण उमटले. चरबीचा लाल बाण सरसर खाली, स्नायूंचा हिरवा बाण सरसर वर. एकाच वेळी! लोक उभे राहिले.

"बघा!" पोलाददादा गरजला. "डॉक्टर म्हणतात वर्ष लागेल. ताईंनी तीन महिन्यांत केलं!"

उतरताना थोरलीचा पाय पायरीवरून चुकला. लोकांना वाटलं, आनंदाने झालं. लाँड्रीवाला उठायला गेला, तर तिनेच हाताने 'बसा' अशी खूण केली आणि कपडे बदलायला मागच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने मदतनीस बाई धावत आली आणि पोलाददादाच्या कानाला लागली. त्याने क्षणभर माइक मुठीत धरला. मग सोडला.

"ताईंना जरा भरून आलंय. टाळ्या थांबवू नका! टाळ्यांनी ऊर्जा मिळते!"

लोकांनी टाळ्या थांबवल्या नाहीत. लाँड्रीवाला मागे धावला. खुंट्यांवर टांगलेल्या कपड्यांखाली ती फरशीवर आडवी होती. त्याने तिचा हात हातात घेतला आणि त्याला कळलं. हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी नंतर जे सांगितलं, ते फक्त कागदावर यायचं राहिलं होतं.

चार दिवसांनी पोलाददादा घरी आला. थोरलीचा स्टेजवरचा फोटो फ्रेम करून घेऊन आला. चेहरा दुःखी करायला त्याला बरेच कष्ट पडत होते.

"भाऊ, मन घट्ट करा. माणूस आज ना उद्या जातोच. पण ताई गेल्या त्या विशीतलं शरीर घेऊन गेल्या."

"घेऊन कुठे गेली?" लाँड्रीवाल्याने विचारलं.

"म्हणजे... पुढे."

"पुढे विचारतात का, चरबी किती, स्नायू किती?"

पोलाददादा फ्रेमवरची धूळ पुसू लागला. हा प्रश्न त्याच्या पाठांतरात नव्हता.

"भाऊजी, दादांना असं बोलू नका," धाकटी म्हणाली. बहिणीबरोबर तीही जायची. "ताईच्या नशिबात होतं ते झालं. तिने अर्ध्यावर सोडलं नाही. मीही सोडणार नाही."

"शाब्बास!" दादा एकदम टवटवीत झाला. "येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी तुमची मोजणी. मी दिलेल्या गोळ्या चालू आहेत ना?"

"चालू आहेत. पण दादा, पोटऱ्यांत पेटके येतात. आणि मधेच छातीत एक ठोका चुकल्यासारखा होतो."

"येणारच! झोपलेलं उठतंय, कुरकुर नाही करणार?"

धाकटी हसली. दादा गेल्यावर ती पाणी आणायला उठली आणि कपाटाला धरून उभी राहिली, डोळ्यांपुढची अंधारी जाईपर्यंत. लाँड्रीवाल्याला थोरली आठवली. तीही शेवटचे काही आठवडे अशीच दुकानाच्या काउंटरला धरून उभी राहायची. तो विचारायचा, काय होतंय? ती म्हणायची, काही नाही, उठतंय.

त्याने धाकटीला हात जोडले, आवाज चढवला, तिच्या नवऱ्याला सांगून बघितलं. काही उपयोग झाला नाही. "मशीन खोटं बोलतं का भाऊजी?" एवढंच तिचं उत्तर. आणि ते बाण त्यानेही स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते.

मशीन घरीही होतं. पोलाददादाने ते प्रत्येक शिष्याच्या गळ्यात मारलं होतं. न्हाणीच्या दारापाशी ते पडलेलं असायचं. एका सकाळी लाँड्रीवाला आंघोळ करून निघाला आणि पाय न पुसताच त्यावर उभा राहिला. तसं काही मनात नव्हतं. ती रोज जिथे उभी राहायची तिथे उभं राहावंसं वाटलं, इतकंच.

मशीनने आकडे दाखवले. तो बघतच राहिला. महिन्यापूर्वी थोरलीनेच त्याला एकदा हट्टाने त्यावर चढवलं होतं आणि आकडे वाचून ती म्हणाली होती, "अहो, तुमच्यात माणूस कमी आणि लोणीच जास्त आहे." आता तेच मशीन म्हणत होतं की लोणी वितळलं आणि आत पहिलवान निघाला!

त्याने आरशात बघितलं. तेच पोट, तेच उतरलेले खांदे, वाढलेली दाढी. ती गेल्यापासून दुकान बंद होतं. चहात बिस्किट बुडवण्यापलीकडे त्याने दंड हलवला नव्हता. घालवायचं नाही, वळवायचं नाही, नुसतं पलंगावर पडून राहायचं. आणि तरी तो पोलाद झाला होता.

त्याने पाय टॉवेलने खसाखसा पुसले, वर पावडर लावली आणि परत चढला. लोणी परत आलं. पाय धुतले, चढला. पहिलवान. पुसले, चढला. लोणी. असा तो बराच वेळ चढत-उतरत राहिला. मग त्याला हसू आलं, आणि सांगायला ती नव्हती.

तो मशीनवरून उतरला. थोरलीच्या गोळ्यांची बाटली घेतली आणि तिला मृत ठरवणाऱ्या त्याच डॉक्टरबाईंकडे गेला.

"हे मशीन चरबी मोजतच नाही," त्या म्हणाल्या.

"मग काय मोजतं?"

"एका पायातून दुसऱ्या पायात अगदी बारीक वीज सोडतं. आपल्याला कळतही नाही. स्नायूंत पाणी भरपूर असतं, तिथून ती सहज जाते. चरबीत पाणी कमी, तिथे अडखळते. किती अडखळली त्यावरून मशीन अंदाज बांधतं. पहिल्या दिवशीच्या मोजणीला काय करतात हा तुमचा दादा?"

"कोरडी शपथ. आदल्या रात्रीपासून पाणी प्यायचं नाही. आणि पायांना भस्म लावतात. पावडरच असते ती. अशुद्धी शोषायला. शेवटी मात्र निळ्या पाण्याने पाय धुतात आणि तेच पाजतात, खारट असतं म्हणायची ती."

"आणि शेवटच्या मोजणीला पाय मिठाच्या पाण्यात धुतात, वर पोटभर पाणी पाजतात. झालं! कोरड्या पायांतून वीज अडखळली की मशीन म्हणतं चरबी. ओल्यातून सुळकन गेली की म्हणतं स्नायू."

"पण तिचं वजन खरंच उतरलं होतं, डॉक्टरबाई. कपडे ढगळ झाले होते तिला. एकवेळच जेवायची."

डॉक्टरबाईंनी बाटली दिव्याकडे धरली. "तुमच्या दुकानात ओली चादर जड का असते? वाळली की हलकी होते. पण एक तरी धागा कमी होतो का? मला संशय आहे की या गोळ्या लघवी वाढवणाऱ्या आहेत. मी तपासून घेते. उपासाने थोडी चरबी गेली असेल, पण तिच्यासोबत स्नायूही गेले असणार." त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "पाण्याबरोबर शरीरातले क्षारही वाहून जातात. त्यातलं पोटॅशियम फार कमी झालं की हृदयाचा ताल बिघडतो. माणूस गेल्यावर रक्तात ते नीट कळत नाही. पण गोळ्या आणि उपास बघता तुमच्या बायकोचं तेच झालं असणार."

लाँड्रीवाला उठून उभा राहिला. मग म्हणाला, "धाकटी अजून खातेय त्या गोळ्या. रविवारी तिची मोजणी आहे."

"तिला आजच घेऊन या."

धाकटी आली नाही. "डॉक्टरांचं दुकान बसतंय दादांमुळे," ती म्हणाली. हे वाक्यही दादाचंच होतं. शनिवारी गोळ्यांचा अहवाल आला. संशय खरा ठरला. तिने तो कागद हातातही धरला नाही.

तेव्हा रविवारी लाँड्रीवाला स्वतः हॉलवर गेला. डॉक्टरबाई पहिल्या रांगेत बसल्या. धाकटी स्टेजवरच्या खुर्चीत होती, पाय आताच धुतलेले, हातात पाण्याचा ग्लास, ओठ पांढरे पडलेले.

"दादा, तिच्याआधी माझी मोजणी करा," लाँड्रीवाला खालून म्हणाला.

पोलाददादाला वाटलं, देव पावला. मेलेल्या शिष्येचा नवराच शरण आला! "या भाऊ, या! टाळ्या!"

लाँड्रीवाल्याने घरून आणलेल्या टॉवेलने पाय पुसले, पावडर लावली आणि तो मशीनवर चढला. लाल बाण छताला टेकला. हॉल हळहळला.

"घाबरू नका," दादा म्हणाला. "तीन महिने द्या मला!"

"तीन महिने नकोत. तीन मिनिटं द्या."

तो खाली उतरला, दादाच्याच घमेल्यात पाय बुडवले, दादाच्याच निळ्या पाण्याचे दोन ग्लास प्याला आणि पाणी गळत असताना परत चढला. लाल बाण कोसळला. हिरवा उसळला. आणि हॉलने, सवयीने, कडाडून टाळ्या वाजवल्या!

टाळ्या वाजवता वाजवता एकेकाचे हात मधेच थांबले. थांबायला कॅशियरला सगळ्यात जास्त वेळ लागला.

"हे आत्ता काय झालं?" तो म्हणाला. "यांनी तर काहीच केलं नाही."

"केलं ना," लाँड्रीवाला म्हणाला. "पाय धुतले."

"श्रद्धा, भाऊ, श्रद्धा!" पोलाददादा पुढे सरसावला. "ताईंची श्रद्धा तुमच्यात उतरली! दुःखात माणसाला..."

"वीज श्रद्धा विचारत नाही," डॉक्टरबाई उठून म्हणाल्या. त्यांनी मशीनचं, पाण्याचं, गोळ्यांचं सगळं सांगितलं. एकही अवघड शब्द वापरला नाही. मग म्हणाल्या, "चरबीचा स्नायू होत नाही. दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत. मात्र चरबी कमी होणं आणि स्नायू वाढणं एकाच वेळी घडू शकतं. ते खोटं नाही. पण त्याला वजनं उचलावी लागतात, अंडी, दूध, कडधान्यं पोटभर खावी लागतात, झोपावं लागतं आणि महिनोन्‌महिने वाट बघावी लागते. जो म्हणेल की वाट बघू नका, गोळी घ्या, त्याला विचारा गोळीत काय आहे. तो सांगत नसेल तर घेऊ नका. याला शिक्षण लागत नाही, विचारायची लाज सोडावी लागते."

"बाई, तुमचं दुकान..." दादाने सुरुवात केली.

"माझे पाय पुसा कुणीतरी," धाकटी म्हणाली.

कुणी हललं नाही, तेव्हा तिने भाऊजींच्या हातातला टॉवेल घेतला, स्वतःच पाय पुसले, बोटांच्या बेचकीतसुद्धा, आणि मशीनवर उभी राहिली. मग उतरली, घमेल्यात पाय बुडवून परत चढली. पडद्याकडे बघताना तिचा चेहरा असा झाला, जणू कुणी तोंडात मारली.

"म्हणजे ताई..." एवढंच ती बोलली. मग पायरीवर बसली. "भाऊजी, मला चालवत नाही."

त्यांनी तिला उचलूनच नेलं. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिचं पोटॅशियम फार खाली गेलं होतं, पण वेळ गेली नव्हती. सलाइनमधून ते हळूहळू भरत आणलं. तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "भूक लागलीय." लाँड्रीवाला बाहेर जाऊन रडला.

पोलाददादा त्या रविवारीच दुपारी मागच्या दाराने गेला. जाताना मशीन घेऊन गेला, घमेलं विसरला. कॅशियरने लोकांना सांगितलं, "मला आधीपासूनच शंका होती." काही लोक अजून म्हणतात की दादाची विद्या खरी होती, त्या दिवशी पडद्यात बिघाड झाला. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि 'बघू' म्हणाले.

लाँड्री परत उघडली आहे. संध्याकाळी शटर ओढलं की लाँड्रीवाला आणि धाकटी घरोघर जातात आणि त्या गोळ्या मागून घेतात. कुणी देतं, कुणी दार लावतं. एक म्हातारी म्हणाली, अर्ध्याच देते, अर्ध्या राहू द्या. धाकटी तिच्या ओट्यावर बसली, स्वतःचं सगळं सांगितलं आणि सगळ्या घेऊनच उठली.

त्यांची गल्ली फिरून झाली, बाजार झाला. कारखान्यामागच्या घरांत अजून जायचं आहे.