शेवटचं कडवं

माझं नाव धम्मरत्न. मी हिपहॉपसाठी बीट बनवतो. म्हणजे रॅपर पुढं उभा राहून भाव खातो आणि त्याच्या मागं जे वाजतं ते माझं असतं. चाकणच्या कंपनीत सहा वर्षं शिफ्ट केल्या, आता पिंपळे गुरवला स्वतःचा स्टुडिओ आहे. हे कसं जमलं, असं लोक विचारतात. खरं उत्तर मी बारा वर्षं कुणाला दिलं नाही. ते उत्तर कासारवाडीत आमच्या शेजारी राहतं. सरूमावशी.

जयंतीच्या कार्यक्रमात मावशी गायची. एकदा मी तिचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं, हव्या त्या ओळी ठेवल्या, बाकीचं कापलं, खाली ढोलकी भरली. ती माझी पहिली बीट. ती गाजली, पुढची कामं मिळाली, कंपनी सुटली. मावशीला विचारायचं तेवढं राहून गेलं. राहून कसलं, मी टाळलं.

आता एक मोठी म्युझिक कंपनी तेच गाणं नव्यानं काढणार होती. अट एकच: गाणाऱ्या बाईंची लेखी परवानगी आणा, नाहीतर आवाज काढून टाका. आवाज काढल्यावर उरणार काय, माझी ढोलकी? रविवारी सकाळी पेढे आणि परवानगीचा कागद घेऊन मावशीकडं गेलो. सगळं कबूल केलं आणि हेडफोन तिच्या कानांवर ठेवले.

गाणं संपलं तरी ती हेडफोन काढेना.

"आन् ह्यांचं नाव?" तिनं विचारलं.

गाणं तिच्या वारलेल्या नवऱ्यानं, आबाजींनी रचलेलं. फाउंड्रीत राबून हा माणूस गाणी करायचा आणि रिवाजाप्रमाणे शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचा. नेमकं तेच कडवं मी उडवलं होतं.

"मावशी, ते तालात बसत नव्हतं गं."

"त्यांच्या गाण्यांच्या वह्या घर बदलताना गेल्या. त्यांचं नाव ऱ्हायलंय ते त्या कडव्यातच. तेच कापलंस व्हय रं?" तिनं कागद माझ्याकडं सरकवला. "माझा आवाज घे, कितीबी घे. पर त्यांच्याबिगर सही न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाच्या शब्दांवर माझं घर चाललं, त्यालाच मी कात्री लावली होती.

"मग आत्ताच म्हण," मी म्हणालो. पंखा बंद केला, मोबाइल तिच्यासमोर धरला.

"आबाजी सांगे, उचल पाऊल, दारात उभी सकाळ..." बहात्तर वर्षांचा आवाज फाटत होता, ताल सुटत होता. नावाशी मात्र ती जरा थांबली. मग तिनं सही केली.

या वेळी मी तिला तालात कोंबलं नाही. तिच्या चालीनं ढोलकी नव्यानं वाजवून घेतली. त्या गाण्यातला रॅपर प्रज्वल कुरकुरला, "भावा, माझा रॅप संपल्यावर आजींचं गाणं? लोक पुढचं लावतील."

"लावू देत," मी म्हणालो.

गाणं आलं त्या दिवशी फोन घेऊन मावशीकडं गेलो. आयुष्यात मला जे मिळालं ते या उंबऱ्यातून मिळालं, आणि ते तिला सांगायला बारा वर्षं लागली. सांगितलं. "बरं बरं," म्हणत तिनं चष्मा लावला. फोनच्या पडद्यावर गाण्याखाली होतं, गीत: आबाजी. एकेक अक्षर लावत तिनं वाचलं, मग नावावर बोट ठेवलं. बोटानं पडदा सरकला, नाव दिसेनासं झालं.

ती दचकली. "गेलं का रं?"

मी नाव परत आणलं. "न्हाई मावशी. आता न्हाई जात."