थांब्यावरची माणसं

आमच्या गावात बस यायची ती उपकार केल्यासारखी. वरच्या वळणावर ड्रायव्हर गाडी थांबवून खाली थांब्याकडे बघायचा. पाच माणसं दिसली तर गाडी खाली आणायचा, नाहीतर सरळ पुढे. कुठल्या शहाण्यानं हा नियम केला देव जाणे, पण गावात आम्ही चारच उरलो तेव्हा आमच्या गळ्याशी आलं. मी, सासूबाई, न्हावी आणि त्याची बायको.

सासूबाईंची मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून दोनदा शहरात नेऊन मशीनवर रक्त धुवून आणावं लागायचं. लागोपाठ दोन खेपा चुकल्या तर आशा सोडा, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

मी पडले शिंपीण. गाव सोडून गेलेल्या मास्तरांच्या बंद घरातून त्यांचा कोट आणला, त्यात गवत कोंबलं, आत बांबू घातला, वर टोपी. झाला पाचवा माणूस. बस उतार उतरेपर्यंत मी आणि न्हावी त्याला भिंतीआड आडवा करायचो. एक माणूस कमी कसा, असं ड्रायव्हर विचारायचा. आयत्या वेळी विचार बदलला म्हणून न्हावी ठोकून द्यायचा. सासूबाई मात्र भिंतीकडे बघून हळूच म्हणायच्या, येते हो मास्तर. मला नको नको व्हायचं.

मग न्हावी बायकोला घेऊन मुलीकडे गेला तो गेलाच. पुढच्या खेपेला आम्ही दोघी आणि मास्तर. बस वरच्या वर निघून गेली.

आता आणखी दोघं हवी होती. गिरणीवालीच्या बंद घरात तिची शाल मिळाली. बाकी घरांतले कपडे उंदरांनी खाल्लेले. शेवटी मी आमचं कपाट उघडलं आणि ह्यांचा निळा शर्ट काढला. तीन वर्षांत हात लावला नव्हता. छातीत दुखतंय म्हणून हे याच बसनं एकटे गेले होते. एवढ्याशा दुखण्याला सोबत कशाला, असं सासूबाईच म्हणाल्या होत्या. परत आले ते दुसऱ्यांच्या खांद्यावर.

त्या सकाळी बस उतरू लागली. मी मास्तरांना आडवं केलं, शाल आडवी केली आणि वळले, तर सासूबाई शर्टाची बाही घट्ट धरून उभ्या. बस आलीसुद्धा. ड्रायव्हरनं सगळं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. उद्यापासून गाडी खाली येणार नाही, यायचं तर आत्ता बसा, एवढंच तो म्हणाला.

"अहो, गवत आहे ते!" मी ओरडले.

"असू दे. मागच्या वेळी एकट्याला धाडला. आता नाही सोडणार."

बरं, घेऊ बरोबर, मी म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, त्या गाडीत तो पुन्हा बसणार नाही. पाय सुजलेले, तोंड सुजलेलं, आणि हट्ट लहान मुलाचा. माझं डोकंच फिरलं. मी त्यांची बोटं सोडवली, शर्टाचा हात धरून असा ओढला की शिवण उसवली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सगळं गवत रस्त्यावर काढलं. रडत होते, पण हात थांबले नाहीत. रिकामा शर्ट खाली पडला. सासूबाई बसमध्ये चढल्या.

आता आम्ही इस्पितळाच्या मागे एका खोलीत राहतो. गावात कुणीच नाही. सासूबाईंची तब्येत बरी आहे, डॉक्टर खूश आहेत. माझ्याशी त्या बोलत नाहीत. खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीशी बोलतात, जेवलास का, झोपलास का. मी दुर्लक्ष करते.

काल मी भाजी चिरत होते. त्या खुर्चीकडे वाकून विचारत होत्या, "तिनं हात ओढला तेव्हा फार दुखलं का रे?"

माझी सुरी थांबली. तो काय सांगतो ते ऐकायला मीही थांबले होते.